चारशे चौकोन भरल्यावर : सवयींचे वर्ग घेणाऱ्यांना खुले पत्र

सवयींचे वर्ग, शिबिरं आणि कार्यशाळा घेणाऱ्या सर्व मार्गदर्शकांस,

सप्रेम नमस्कार.

मी तुमचा एक जुना विद्यार्थी. तुमच्यापैकी नेमका कुणाचा, ते लिहीत नाही. तक्रार कुणा एकाबद्दल नाही, आणि खरं सांगायचं तर निम्मी तक्रार माझी माझ्याविरुद्धच आहे. तुम्ही मला शंभर दिवसांचा एक तक्ता दिला होता. चार ओळी : पहाटे उठणं, व्यायाम, ध्यान, वाचन. रोज चार चौकोनांत बरोबरची खूण करायची आणि साखळी तुटू द्यायची नाही. तक्त्याच्या माथ्यावर ठळक अक्षरांत छापलं होतं, 'सवय बदला, चारित्र्य घडवा'. हे पत्र त्यातल्या शेवटच्या दोन शब्दांबद्दल आहे. पहिल्या दोन शब्दांत तुम्ही वाकबगार आहात, त्याबद्दल माझा वाद नाही. मी अजूनही पहाटे उठतो.

अठ्ठ्याहत्तराव्या दिवसाची गोष्ट सांगतो. मी ध्यानाला बसलो होतो. माझे वडील ऐकण्याचं यंत्र वापरतात. त्याची बॅटरी नखाएवढी असते आणि त्यांची बोटं आता थरथरतात, म्हणून ती दुसऱ्या कुणीतरी बदलून द्यावी लागते. ते यंत्र तळहातावर घेऊन दारात आले आणि म्हणाले, "अरे, हे बंद पडलंय बघ." मी डोळे न उघडता हाताचा पंजा दाखवला, थांबा. ते थांबले. ध्यान संपलं, मी खूण केली. तोवर वाचनाची वेळ झाली होती. वाचन संपेपर्यंत कामावर निघायची वेळ झाली. संध्याकाळी घरी आलो तर बहिणीचा फोन वाजत होता. बाबांनी तो उचलून माझ्या हातात दिला. "तूच बोल. मला ऐकू येत नाहीये." यंत्र टेबलावर तसंच पडलेलं. अख्खा दिवस त्यांनी बंद कानांनी काढला होता आणि एका शब्दानं कुरकुर केली नव्हती.

त्या दिवशीच्या माझ्या चारही खुणा तक्त्यावर आहेत.

बॅटरी बदलून देऊ नकोस, असं काही तुम्ही शिकवलं नव्हतं. पण त्या सकाळी माझं काही चुकतंय असं मला क्षणभरही वाटलं नाही. उलट आपण विचलित झालो नाही याचं समाधान वाटलं. आणि 'विचलित' हा शब्द मात्र तुमचा होता. तुमच्या भाषेत दार वाजवणारा प्रत्येक माणूस व्यत्यय असतो.

आपल्या भाषेकडे या बाबतीत तुमच्यापेक्षा जास्त शब्द आहेत, आणि ते उगाच नाहीत. सवय निराळी, खोड निराळी, व्यसन निराळं, वळण निराळं. सवय कशाचीही लागते, गोंगाटाचीसुद्धा. खोड म्हटली की तिच्यात दुसऱ्याला होणारा त्रास आलाच, म्हणून तर ती 'मोडावी' लागते. वळण कधी एकट्याला लागत नाही. ते कुणीतरी कुणाला तरी लावतं, आणि ते दिसतं चारचौघांत वागताना. एखाद्याला 'वळण नाही' असं आपण म्हणतो तेव्हा तो किती वाजता उठतो याची चौकशी केलेली नसते. तो मोठ्यांशी, लहानांशी, हाताखालच्यांशी कसा बोलतो, हे पाहिलेलं असतं. तुमच्या तक्त्याच्या चारही ओळी सवयीच्या होत्या. वळणाची एकही नव्हती.

'शील' या शब्दाचंही तसंच. सहनशील, विचारशील, प्रयत्नशील या शब्दांत शील म्हणजे मनाचा कल, जे पुन्हा पुन्हा केल्यानं स्वभावच झालं आहे ते. पाणिनीच्या व्याकरणात तर 'अमुक करण्याची ज्याला सवय आहे तो' हा अर्थ दाखवणारे वेगळे प्रत्यय आहेत आणि त्या अर्थाला 'ताच्छील्य' असं नाव मिळालं आहे. एखादी गोष्ट एकदा करणारा आणि ती करण्याचं शील असणारा, हा फरक व्याकरणानंसुद्धा नोंदवण्याजोगा मानला. तिकडे ग्रीक भाषेत सवयीला आणि स्वभावाला जवळजवळ एकच शब्द आहे, फरक काय तो पहिल्या स्वराच्या लांबीचा. ॲरिस्टॉटलनं त्यावर बोट ठेवलं आणि इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात सांगून टाकलं की घर बांधता बांधता माणूस गवंडी होतो, तसा न्यायानं वागता वागता न्यायी होतो.

हे वाक्य तुमच्या बहुतेक भाषणांत असतं. पुढचं नसतं. ॲरिस्टॉटल लगेच अटी घालतो. कृती चांगली दिसली एवढ्यानं भागत नाही. करणाऱ्याला आपण काय करतोय ते कळत असलं पाहिजे, ती त्यानं तिच्यासाठीच निवडलेली असली पाहिजे, आणि ती त्याच्या पक्क्या झालेल्या वृत्तीतून आलेली असली पाहिजे. शिवाय एक कसोटी तो देतो, ती मला सगळ्यात अडचणीची वाटते. कृती करताना तुम्हाला सुख होतं की दुःख, ते पाहा म्हणतो. संयम पाळणारा जर मनात चडफडत असेल तर तो अजून संयमी झालेला नाही. आता ही कसोटी चौकोनात कशी भरायची? बॅटरी बदलून दिली, बरोबरची खूण. पण बदलताना तोंड वाकडं केलं होतं, त्याला कुठली खूण?

मला कळतं, तुम्हाला मोजता येईल असं काहीतरी हवं असतं. मग आधी मोजमापाबद्दलच बोलतो. 'एकवीस दिवसांत सवय लागते' हे तुम्ही मला शपथेवर सांगितल्यासारखं सांगितलं होतं. त्याचं मूळ बहुधा मॅक्सवेल माल्ट्झ या अमेरिकी प्लास्टिक सर्जनच्या १९६० सालच्या लिखाणात आहे. चेहऱ्याची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांना आरशातल्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला निदान एकवीसेक दिवस लागतात, असं त्याचं निरीक्षण होतं. 'निदान' हा शब्द वाटेत गळाला, चेहराही गळाला, आणि उरला एक आकडा. पुढे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांना बारा आठवडे एखादी नवी सवय लावून घ्यायला सांगितली आणि ती किती आपोआप होऊ लागते ते रोज विचारलं. मधला आकडा आला ६६ दिवस. पण अंतर केवढं पाहा, कुणाला १८ तर कुणाला २५४. बारा आठवड्यांत ज्यांची सवय पक्की झाली नाही, त्यांचे आकडे आलेखाची रेषा पुढे वाढवून काढलेले आहेत. त्याच अभ्यासात एखादा दिवस चुकल्यानं फारसं बिघडत नाही असंही दिसलं. म्हणजे साखळी तुटण्याची जी धास्ती तुम्ही आमच्या मनात भरली, जिच्यापायी मी तापातही जोर मारले, तिला आधार नव्हता.

त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की त्या ९६ जणांच्या सवयी खाण्यापिण्याच्या आणि व्यायामाच्या होत्या. पाणी पिणं, चालायला जाणं. खरं बोलण्याची सवय किती दिवसांत लागते, राग आवरण्याची किती दिवसांत, हे त्यात मोजलेलं नाही. पाणी पिण्याचा आकडा उचलून चारित्र्याला चिकटवणं बरोबर नाही. आपल्याकडे योगसूत्रांत पतंजलीनं अभ्यास 'दृढभूमी', म्हणजे पक्का, कधी होतो ते सांगताना दिवस मोजले नाहीत. दीर्घकाळ, खंड न पाडता आणि सत्कारानं, एवढंच म्हटलं. सत्कार म्हणजे आदर, आस्था. खुणेसाठी केलेल्या गोष्टीत नेमकी तीच नसते.

आता मुद्द्याचं. पाणी पिण्याच्या सवयीला घड्याळ चालतं. सकाळ झाली, उठलो, पाणी प्यालो. जागा तीच, वेळ तीच, मग काही आठवड्यांनी हात आपोआप पेल्याकडे जातो. वेंडी वुड आणि सहकाऱ्यांनी २००२ साली विद्यार्थ्यांना दर तासाला 'आत्ता काय करताय' ते लिहून ठेवायला सांगितलं होतं, तेव्हा सुमारे ४३ टक्के गोष्टी अशा निघाल्या की त्या रोज, त्याच ठिकाणी, बहुतेकदा दुसराच काही विचार करत केल्या जात होत्या. सवय अशीच बसते, बाहेरच्या इशाऱ्याला बांधून. पण खरं बोलण्याची वेळ कुठली? सकाळी सहाची? क्षमा मागण्याची जागा कुठली? इथे इशारा घड्याळ देत नाही, समोरचा माणूस देतो, आणि तो कधी, कुठे, कुठल्या मनःस्थितीत येईल ते आपल्या हातात नसतं. तो ध्यानाच्या वेळी येतो. यंत्र तळहातावर घेऊन येतो.

म्हणून ही सवय लागायला कठीण. १९२८ साली हार्टशॉर्न आणि मे या दोन अमेरिकी संशोधकांनी हजारो शाळकरी मुलांच्या प्रामाणिकपणाच्या चाचण्या प्रसिद्ध केल्या. परीक्षेत फसवायची संधी, खेळात फसवायची संधी, पैसे उचलायची संधी, अशा निरनिराळ्या. तेव्हा आढळलं की एका ठिकाणी फसवणारं मूल दुसऱ्या ठिकाणी फसवेलच असं नाही, आणि एका ठिकाणी सचोटीनं वागणारं दुसरीकडे तसंच वागेल याचीही खात्री नाही. पुष्कळांनी याचा अर्थ 'चारित्र्य वगैरे काही नसतं' असा लावला. मला तो उतावळा वाटतो. मला त्यात एवढंच दिसतं की प्रामाणिकपणाची सवय एका खोलीत लागली म्हणून ती आपोआप शेजारच्या खोलीत जात नाही. तिला हाताला धरून न्यावं लागतं. हिशेबात चोख असलेला माणूस घरी कसा थापा मारतो, हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. मी तर आरशात पाहिलं आहे.

माझी थाप फार सामान्य होती, इतकी की तिला कुणी थाप म्हणत नाही. कुणी फोनवर "कुठे आहेस?" विचारलं की मी म्हणायचो, "निघालोच. रस्त्यातच आहे." तेव्हा मी चपला शोधत असायचो. बाबांच्या त्या दिवसानंतर मी तुमचा तक्ता बाजूला ठेवला आणि ठरवलं की एवढी एक थाप बंद करून बघू. नुसतं ठरवून चार दिवसही टिकलो नाही. तोंड माझ्या आधी बोलायचं. मग एक साधी युक्ती केली. पीटर गोल्विट्झर या मानसशास्त्रज्ञानं 'अमुक झालं की मी तमुक करीन' अशा नेमक्या शब्दांत संकल्प बांधला तर तो पाळला जाण्याची शक्यता वाढते, हे बऱ्याच प्रयोगांतून दाखवलं आहे. हे तुम्हीच शिकवलं होतंत, त्याचे आभार. तर माझं वाक्य असं : 'कुठे आहेस' ऐकू आलं की आधी पायांखाली बघायचं, मग जिथे पाय आहेत ती जागा सांगायची.

पहिल्या आठवड्यात मित्र वैतागले. "अजून घरीच? मग आधी सांगायचं ना!" मी सांगू लागलो तेव्हा लक्षात आलं की त्यांना माझ्या उशिराची सवय होती, खरं ऐकण्याची नव्हती. मग दुसरीच गंमत झाली. 'घरीच आहे' हे दर वेळी मोठ्यानं म्हणायची लाज वाटू लागली आणि मी वेळेवर निघू लागलो. वक्तशीरपणाची ओळ मी कुठल्याच तक्त्यात घातलेली नव्हती. थाप ही उशिरावर टाकलेली चादर होती. चादर ओढून घेतल्यावर खालची गोष्ट फार दिवस तशी राहू शकली नाही. एक सवय दुसरीला पोसत असते, दुसरी तिसरीला झाकत असते. चार वेगळ्या ओळींच्या तक्त्यात हे नातं दिसतच नाही.

उलट्या दिशेनंही हे घडतं. २०१६ साली लंडनमधल्या संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. बरणीत किती नाणी आहेत हे जोडीदाराला सांगायचं, आणि खोटं सांगितलं तर स्वतःचा फायदा. लोक आधी थोडं खोटं बोलले, मग वाढत वाढत जास्त. आणि भावनांशी संबंधित असलेल्या मेंदूतल्या अमिग्डला या भागाची प्रतिक्रिया मात्र दर खेपेला बोथट होत गेली. जीभ सरावते आणि मन टोचेनासं होतं, हे कुठल्याही आईला ठाऊक असतं, पण यंत्रानंही तेच म्हटलं की जरा बरं वाटतं. (जाता जाता : प्रामाणिकपणावरच्या संशोधनालाही डोळे मिटून मानू नका. अर्जावर शेवटी सही करण्याऐवजी सुरुवातीलाच केली तर लोक खरं लिहितात, असं सांगणारा २०१२चा एक गाजलेला शोधनिबंध २०२१ मध्ये मागे घ्यावा लागला, कारण त्यातल्या एका प्रयोगाची आकडेवारीच बनावट निघाली. सही करण्याचा तो प्रकार तुम्ही वर्गात आमच्याकडून करून घेतला होता. तेव्हा तुम्हाला हे कळायचा मार्ग नव्हता, आता आहे.)

माझ्या थापेच्या मुळाशी घाई होती. बाबांना थांबवण्याच्या मुळाशीही तीच. यावर एक जुना प्रयोग आहे, आणि तुमच्या प्रत्येक वर्गाची सुरुवात त्यानं व्हावी असं मला वाटतं. १९७३ साली डार्ली आणि बॅटसन यांनी प्रिन्स्टनमधल्या ४० धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांना शेजारच्या इमारतीत जाऊन एक भाषण द्यायचं होतं. काहींचा विषय होता रस्त्यात जखमी पडलेल्या परक्या माणसाला मदत करणाऱ्या वाटसरूची बायबलमधली गोष्ट. वाटेत एका दारात एक माणूस मान टाकून, खोकत, कण्हत बसलेला, अर्थात संशोधकांनीच बसवलेला. निम्म्यांनाही मदत करावीशी वाटली नाही, पण ते सोडा. ज्यांना 'भरपूर वेळ आहे' असं सांगितलं होतं त्यांच्यातले ६३ टक्के थांबले. ज्यांना बेताची घाई होती त्यांच्यातले ४५ टक्के. ज्यांना 'उशीर झालाय, पळा' सांगितलं त्यांच्यातले १० टक्के. मदतीच्या गोष्टीवर भाषण करायला निघालेले काहीजण तर त्या माणसाला ओलांडून गेले.

ही मुलं वाईट नव्हती. त्यांच्या डोक्यात धर्मही होता, त्या दिवशी तर विषयही तोच होता. नव्हता तो फक्त वेळ. आता तुमचा दिनक्रम बघा. पाच वाजून पाच मिनिटांनी हे, साडेपाचला ते, प्रत्येक मिनिटाला काम नेमून दिलेलं, रिकामी फट कुठेच नाही. तुम्ही आम्हाला वेळेचं सोनं करायला शिकवता. पण असा घट्ट विणलेला दिवस जगणारा माणूस कायमचाच त्या तिसऱ्या गटात असतो, उशीर झालेल्यांच्या. चांगलं वागायला जी थोडीशी उसंत लागते, तीच तुम्ही आमच्याकडून शिस्तीच्या नावाखाली काढून घेता. मला वाटतं, तुमच्या शिकवणीतलं खरं चुकलेलं हे आहे, बाकी सगळं किरकोळ.

तुम्ही म्हणाल, तक्ते काही आम्ही शोधून काढले नाहीत, थोरामोठ्यांनी ते वापरले. अठराव्या शतकातल्या अमेरिकी मुत्सद्दी बेंजामिन फ्रँकलिनचं नाव तुम्ही घेताच. त्यानं तेरा सद्गुणांची यादी केली, छोटी वही आखली, दर आठवड्याला एका गुणावर लक्ष, तेरा आठवड्यांत एक फेरी, वर्षात चार फेऱ्या. हे सगळं खरं. पण त्याच्या वहीत आणि तुमच्या तक्त्यात एक फरक आहे, तो तुम्ही सांगत नाही. तुम्ही जमलं की खूण करायला लावता. तो चुकलं की काळा ठिपका देत असे. तुमचा तक्ता भरत जातो आणि छाती फुगते. त्याला वही कोरी ठेवायची होती, आणि आपल्यात वाटलं त्यापेक्षा कितीतरी जास्त दोष आहेत हे पाहून आश्चर्य वाटलं, असं त्यानंच लिहून ठेवलंय. नम्रता हा तेरावा गुण तर मूळ यादीत नव्हताच. तुला लोक गर्विष्ठ समजतात, असं क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या एका मित्रानं तोंडावर सांगितलं म्हणून तो आला. मग त्यानं काय केलं? 'नक्कीच', 'निःसंशय' असे शब्द बोलण्यातून काढले आणि 'मला वाटतं', 'सध्या तरी असं दिसतं' म्हणायला लागला. नम्रता खरोखर आली असं मात्र तो म्हणत नाही, तिचं बाह्यरूप बऱ्यापैकी जमलं एवढंच म्हणतो. हा माणूस मला आवडतो तो या कबुलीसाठी.

तरीही त्याच्या वहीवर माझा पुरता विश्वास नाही. त्या तेरा गुणांत 'न्याय' होता, आणि त्याच घरात अनेक वर्षं गुलाम राबत होते. त्या रकान्यात यासाठी ठिपका पडला असेल असं वाटत नाही, कारण आजूबाजूच्या प्रतिष्ठित घरांत तेच चालू होतं आणि ज्याची सगळ्यांनाच सवय असते ते दोष म्हणून दिसत नाही. उतारवयात तो बदलला. १७८७ साली पेनसिल्व्हेनियातल्या गुलामगिरीविरोधी संस्थेचा तो अध्यक्ष झाला आणि १७९० च्या फेब्रुवारीत, मरणाच्या दोन महिने आधी, गुलामगिरीविरुद्धच्या अर्जावर सही करून तो अमेरिकी काँग्रेसकडे पाठवला. नम्रता यादीत आली ती दुसऱ्यानं सांगितलं म्हणून. न्यायाच्या रकान्याचा खरा अर्थही मला वाटतं त्याला एकट्याला वहीकडे बघून कळला नसता. आपला तक्ता आपणच भरायचा, आपणच तपासायचा, यात हा मोठा धोका आहे. आपल्याला जे दिसत नाही, त्याची ओळच नसते.

एक आक्षेप मला माझ्याच बाजूच्या लोकांकडून ऐकावा लागतो. चांगुलपणा सवयीचा झाला की तो चांगुलपणा उरतो का? जर्मन तत्त्वज्ञ कांटला ही शंका होती. नुसत्या सवयीनं, यंत्रासारखं घडणारं वागणं त्याला सद्गुण म्हणून मान्य नव्हतं, कारण त्यात निवड राहत नाही. मला ती रास्त वाटते, आणि तुमच्या 'आपोआप' या लाडक्या शब्दाला ती चांगली चपराक आहे. "सॉरी" आपोआप म्हणणाऱ्या माणसाची सॉरी आपण ऐकतो कुठे? माझ्यापुरतं मी असं उत्तर काढलं आहे. मला खरं बोलण्याची सवय लावायची नाहीये, बोलण्याआधी पायांखाली बघण्याची लावायची आहे. मान खाली वळणं आपोआप व्हावं. पुढचं वाक्य दर वेळी माझंच असावं, त्याची थोडी किंमतही पडावी. कांट यावर समाधानी झाला असता की नाही, माहीत नाही. तो फार सहजासहजी समाधानी होणाऱ्यांतला नव्हता.

आता तुमच्याकडे मागणं. फार नाही. एकवीस दिवसांची भाषा सोडा. शक्य झालं तर तक्त्याच्या माथ्यावरचे 'चारित्र्य घडवा' हे शब्द काढा, तिथे 'पहाटे उठा' लिहा. ते खरंही आहे आणि तुम्ही ते उत्तम शिकवता. आणि ते शब्द ठेवायचेच असतील, तर मग तक्ता माझ्या हातात देऊ नका. माझ्या घरातल्या माणसाच्या हातात द्या. तो महिन्याकाठी भरू दे. ओळीही त्यालाच ठरवू देत. बाबांना मी हे एकदा विचारलं होतं, माझ्यासाठी एक ओळ सांगा म्हणून. ते बराच वेळ विचार करत होते. मला वाटलं आता बॅटरीचं निघणार. म्हणाले, "तू जिना उतरताना माझ्याशी बोलतोस. मला अर्धंच ऐकू येतं. बोलायचं असेल तेव्हा थांबत जा."

बॅटरीचा तो दिवस त्यांच्या लक्षातही नव्हता. जिना मात्र वर्षानुवर्षं रोजचा होता, आणि तो मला कधी दिसला नव्हता.

सध्या मी त्यावर आहे. आठवड्यातून दोनदा तरी जिन्यात मधेच थांबून परत वर यावं लागतं. त्यामुळे निघायला उशीर होतो, आणि मग फोनवर 'घरीच आहे' असं सांगावं लागतं. मित्र पुन्हा वैतागले आहेत.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक जुना विद्यार्थी

ता. क. : शंभर दिवस पूर्ण केल्याबद्दल तुम्ही दिलेल्या प्रमाणपत्रावर माझं आडनाव चुकलं आहे. तुमच्या सहकाऱ्यांनी तेव्हाच विचारलं होतं, "चालेल ना?" आणि मी हसून "चालेल, चालेल" म्हणालो होतो. चालत नव्हतं. कृपया दुरुस्त करून पाठवावे. आणि तक्ता मी अठ्ठ्याहत्तराव्या दिवशीच बाजूला ठेवला होता, पुढचे बावीस दिवस एका रात्रीत बसून भरले होते, हेही आता सांगून टाकतो. तेव्हा दुरुस्तीऐवजी प्रमाणपत्र परत मागवलंत तरी माझी हरकत नाही.